सुटकेनंतरचं प्रकरण

माजलगावहून पाथरीमार्गे निघालं की मानवत फार लांब नाही. १९७२ ते १९७४ या काळात तिथे एकामागून एक खून पडले आणि गुप्तधनासाठी दिलेले बळी म्हणून ते राज्यभर गाजले. २०२४ मध्ये त्यावर ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका आली. तिच्यात आपण तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पाठोपाठ चालतो. प्रत्यक्षात, ज्या दोघांना पोलिसांनी सूत्रधार ठरवलं होतं, ते शेवटी न्यायालयातून निर्दोष सुटले. असा निकाल लागला की वाचक विचारतो, मग केलं कुणी? मला मात्र दुसराच प्रश्न जास्त छळतो. आरोप झाल्यापासून सुटका होईपर्यंत आरोपीच्या घरात काय झालं?

मराठी रहस्यकथेने हा प्रश्न क्वचितच विचारला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी एका पिढीला वाचनाची गोडी लावली. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. या सगळ्या परंपरेबद्दल मला प्रेम आहे. पण तिच्यात चुकून पकडला गेलेला माणूस हा वाचकाला चकवण्यापुरता येतो. पाचव्या प्रकरणात त्याला बेड्या पडतात, शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो सुटतो आणि पुस्तकातून निघून जातो. हार्पर ली यांच्या १९६० च्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये खोट्या आरोपात अडकलेल्या टॉमच्या बायकोला गावात काम मिळेनासं होतं. त्या जगप्रसिद्ध कादंबरीतही या गोष्टीला जागा मिळते ती जेमतेम.

आपल्याकडचं एक खरं प्रकरण पाहा. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. बलात्कार झाला, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला. घरातली आई जखमी होऊन वाचली. पुढे भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली आणि पुन्हा सहाही जणांना फाशी. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर काही वर्षांनी मान्य झालं.

फाशीच्या कैद्यांचे पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात ऐकले पाहिजेत, असा निर्णय २०१४ मध्ये झाला म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडलं. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या आईने पोलिसांच्या अल्बममधून चार जणांचे फोटो ओळखले होते, आणि ते चौघे या सहांपैकी नव्हतेच! त्यांचा तपास झाला नाही. रहस्यकथाकाराने शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवावा असा हा पुरावा पहिल्याच आठवड्यापासून कागदावर होता. आरोपी भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले, त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्या निकालाने त्या आईलाही पुन्हा २००३ च्या रात्रीपाशी आणून उभं केलं, हे विसरून चालणार नाही. चुकीचा आरोप दोन्हीकडची घरं उद्ध्वस्त करतो.

बीड जिल्ह्यात हे कळायला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. आष्टी तालुक्यातल्या पारधी वस्त्यांना विचारा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. इंग्रजी कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण चोरी कुठेही झाली तरी आधी वस्तीवर जायची सवय राहिली.

समजा, अशा वस्तीवरच्या किंवा तांड्यावरच्या एकाला ऐन दिवाळीच्या सुमारास संशयावरून उचललं. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो. जामीनदाराला तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणावा लागतो आणि त्यासाठी सातबारा नाहीतर घराचा उतारा लागतो. गायरानावर पाल ठोकून राहणाऱ्याच्या नात्यागोत्यात कुणाच्या नावावर सातबारा असणार? जामिनाचा आदेश कागदावरच राहतो आणि माणूस आत. इकडे ऊसतोडीचा हंगाम तोंडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. उचल दोघांच्या नावावर घेतलेली आणि खर्चही झालेली. नवरा कोठडीत गेला की बाई ‘हाफ कोयता’ होते, फेड मात्र पुऱ्या कोयत्याची. मग थोरल्या पोरीची शाळा सुटते, कारण बापाच्या जागी मोळ्या बांधायला कुणीतरी हवं. तारखेला बीडला यायचं तर कारखान्यावरून खाडा, प्रवासखर्च आणि बऱ्याचदा हातात फक्त पुढची तारीख. यातला एकही प्रसंग निकालपत्रात येत नाही.

ही बाजू मराठीत लिहिली गेली ती आत्मकथनांत. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचं. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलीस घरात शिरतात तेव्हा घरातल्या पोराला काय दिसतं, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला दाखवलं. पण आत्मकथनातला माणूस लिहायला वाचलेला असतो, त्यामुळे तो तगणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. कादंबरीत ती खात्री नसते. आरोप खरा की खोटा हे घरच्यांनाही माहीत नाही, बायको नवऱ्यावर विश्वास ठेवतेय की ठेवावा लागतोय म्हणून ठेवतेय, भावाच्या मनात पाल चुकचुकतेय पण तो बोलत नाही. हे रहस्य खुनी सापडला तरी सुटत नाही. अशी कादंबरी मराठवाड्यातून यावी असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचीही या घराकडे पाठच आहे. चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांना भरपाई मिळण्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद करा, असं विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात सांगितलं. नाशिक प्रकरणातल्या सहा जणांना न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांवर वाटले तर महिन्याला साधारण २,६०० रुपये पडतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदावरच्या निकालात, त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. हा आदेश ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचायला वेळ लागेल. तोवर एवढं तरी प्रत्येक वस्तीला माहीत असायला हवं की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न न बघता, फुकट वकील मिळतो. बीडला त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात अर्ज द्यायचा असतो, आरोपपत्राची वाट बघत बसायचं नसतं.