मूळ गीत, पुनर्गायन आणि 'अल्पपरिचित' या शब्दाचा अर्थ : पेण-रोह्याच्या खाडीकाठच्या संदर्भात

प्रस्तावना

एखादे गीत ज्याने प्रथम गायिले त्याच्यापेक्षा ते नंतर गाणाऱ्याच्या नावाने अधिक ओळखले जावे, ही घटना संगीताच्या इतिहासात नवी नाही. 'कव्हर व्हर्जन' या रूढ इंग्रजी संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'पुनर्गायन' हा शब्द योजिला आहे. पुनर्गायन मुळापेक्षा सरस असते म्हणून ते मुळाला झाकोळून टाकते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ज्या मूळ गीताला आपण 'अल्पपरिचित' म्हणतो, ते नेमके कोणाला अपरिचित होते, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

अमेरिकेतील दोन उदाहरणे

'हाउंड डॉग' हे गीत एल्व्हिस प्रेस्लीचे म्हणून जगाला ठाऊक आहे. त्याचे ध्वनिमुद्रण १९५६ मधील. परंतु लीबर आणि स्टोलर या जोडीने ते बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेसाठी रचले होते. १९५२ मध्ये मुद्रित झालेली तिची रेकॉर्ड १९५३ मध्ये 'रिदम अँड ब्लूज' संगीताच्या यादीत सात आठवडे अग्रस्थानी होती. म्हणजे मूळ गीत अयशस्वी मुळीच नव्हते. ते एका समाजात गाजत होते आणि शेजारच्या समाजाला त्याचा पत्ता नव्हता.

'रिस्पेक्ट' या गीताची कथा किंचित निराळी आहे. ओटिस रेडिंगच्या १९६५ च्या गीतात घरी परतणारा पुरुष पत्नीकडून मान मागतो. अरेथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये तेच गीत स्त्रीच्या तोंडी घातले आणि मागणीचा अर्थच पालटला. येथे पुनर्गायनाने मिळविलेले श्रेष्ठत्व निर्विवाद आहे; पण ते केवळ आवाजाचे नव्हे, तर अर्थाच्या नव्या वाचनाचे आहे.

नाट्यपदे आणि 'चाल'

आपल्याकडे हा व्यवहार फार पूर्वीपासून चालत आला आहे. १८८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'शाकुंतल' पासून अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कीर्तनातील व कर्नाटकातील चाली पदांसाठी घेतल्या. 'मानापमान' (१९११) मध्ये गोविंदराव टेंबे यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याचा बाज आणला. 'स्वयंवर' (१९१६) मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बांधली. बालगंधर्वांच्या कंठातून ती पदे घरोघर पोहोचली. मूळ चिजा मात्र गवयांच्या बैठकीपुरत्या राहिल्या. तेथे त्या अपरिचित नव्हत्या, हे विसरता कामा नये.

तथापि या परंपरेत एक प्रामाणिकपणा होता. छापील नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर राग व तालाबरोबर 'चाल' म्हणून मूळ गीताचे आरंभीचे शब्द दिलेले असत. वाचकाला उसनवारीची कबुली तेथल्या तेथे मिळे. पुढे ध्वनिमुद्रिकांच्या काळात ही ओळ गळून पडली, आणि तिच्याबरोबर मुळाकडे जाणारी वाटही बुजली.

मूळ गीत इतर नाटकांइतकेच प्रसिद्ध असेल तर मात्र हा झाकोळ पडत नाही. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मधील पंडित जितेंद्र अभिषेकी यांची पदे २०१५ च्या चित्रपटात नव्या आवाजांत आली. तुलना पुष्कळ झाली, पण वसंतराव देशपांडे यांचे गायन मागे पडले नाही. याच्या उलट 'बॉबी' (१९७३) या हिंदी चित्रपटातील एका गीतामागे कार्लोस युजेनिओ फेरैरा (१८६०-१९३२) यांचे कोंकणी गीत आहे, हे गोव्याबाहेर फारच थोड्यांना ठाऊक असते.

खाडीकाठचे गाणे

पेणचा खारेपाट आणि रोह्याकडील कुंडलिकेचा खाडीकाठ या भागांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. आगरी व कोळी समाजात विवाहाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. हळद, मांडव, पाणी अशा प्रत्येक टप्प्याचे धवले निराळे. हे गाणे विधीच्या गतीने चालते, तासन्‌तास चालते, आणि एका स्त्रीकडून दुसरीकडे केवळ ऐकून जाते. त्याला कर्त्याचे नाव नाही. पण त्या समाजात ते घरोघर ठाऊक होते.

शहरी श्रोत्याला खाडीकाठचे गाणे कळले ते कोळीगीतांच्या रेकॉर्डवरून. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज लाभलेले 'मी डोलकर' हे त्याचे ठळक उदाहरण. काटेकोर अर्थाने हे पुनर्गायन नव्हे. शब्द व रचना स्वतंत्र आहेत, आणि रचना उत्तम आहे, याविषयी दुमत नसावे. तरीही ठेका, बोली आणि भाव किनाऱ्याचे आहेत. रेकॉर्डच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या चौकटीत बसेल तेवढेच किनाऱ्याचे गाणे बाहेर गेले. रात्रभर चालणारा धवला त्या चौकटीत मावणारा नव्हता. आता हळदीच्या मांडवात ध्वनिवर्धकावर कोळीगीते वाजतात आणि धवलारणीचा आवाज त्याखाली दबतो. ज्या घरातून गाणे बाहेर गेले, त्याच घरात ते नवे रूप घेऊन मूळ गाण्याच्या जागी बसले. पुनर्गायनाचा हा परिणाम अमेरिकन उदाहरणांत आढळत नाही; थॉर्नटनची रेकॉर्ड आजही ऐकता येते. न मुद्रिलेला धवला गाणारीबरोबर संपतो.

कायद्याची मर्यादा

२०१२ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३१-सी आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षअखेरीपासून पाच वर्षे पुनर्गायन काढता येत नाही, आणि प्रत्येक वर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन द्यावे लागते. वेष्टनावर ते पुनर्गायन असल्याचा उल्लेख सक्तीचा आहे. पण ग्राहकाची दिशाभूल होऊ नये म्हणून आधीच्या गायकाचे नाव मात्र छापता येत नाही. नाटकाच्या पुस्तकातील 'चाल' या ओळीच्या नेमके विरुद्ध असे हे टोक आहे. शिवाय कायद्याला हक्काचा धनी लागतो. धवल्याला तो नाही, म्हणून त्याला ना मुदत, ना स्वामित्वधन.

या दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांत आगरी-कोळी घरांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या आज्या-मावश्यांपैकी काहींना धवले अद्याप मुखोद्गत असतील. त्यांचे मुद्रण करावयाचे झाल्यास ते मांडवात, विधी चालू असताना व्हावे, खोलीत बसवून निवडक तुकड्यांचे नव्हे. नोंदीत गाणारीच्या संमतीने तिचे नाव, गाव, वर्ष आणि तिने ते कोणाकडून ऐकले हे लिहावे. नाटकाच्या पुस्तकात 'चाल' म्हणून जी ओळ असे, तिची जागा ही शेवटची नोंद घेईल.