आठ नकार आणि हैदराबादचं विमान

आमच्या सासूबाईंच्या तोंडी हैदराबाद असं यायचं, जसं काही शेजारचं गाव. मोठा दवाखाना हैदराबादला, लग्नाचा बस्ता हैदराबादला, मोती तर हैदराबादचेच! नांदेड काय किंवा लातूर काय, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला सगळा मुलूख निजामाच्याच राज्यात होता ना! तर मैत्रिणींनो, त्याच हैदराबादेत, त्याच धामधुमीच्या काळात, एक बाई प्रवासी विमान चालवत होती. नाव प्रेम माथुर.

मूळच्या त्या उत्तर प्रदेशातल्या. विमान चालवायचा व्यावसायिक परवाना त्यांनी १९४७ साली मिळवला. देश स्वतंत्र होत होता, विमान कंपन्यांना माणसं हवी होती. परवाना हातात घेऊन बाईंनी एकामागून एक कंपनीत अर्ज केले. एक नाही, दोन नाही, आठ कंपन्यांनी नाही म्हटलं. विमान नीट येत नाही म्हणून नव्हे, तर बाई विमान चालवणार म्हटल्यावर प्रवासी बसतील का म्हणून! एखाद्या मुलीला दोन स्थळांकडून नकार आला तर आपण तिला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ देत नाही. इथं आठ नकार पचवून बाई नवव्या दारात उभ्या.

हे नववं दार म्हणजे डेक्कन एअरवेज. निजाम सरकार आणि टाटा यांनी भागीदारीत १९४५ साली काढलेली कंपनी, बेगमपेठच्या विमानतळावरून चालायची. तिथे त्यांना सहवैमानिकाची जागा मिळाली. भारतातल्या विमान कंपनीत नोकरी मिळवणारी पहिली स्त्री वैमानिक म्हणून आज त्यांचं नाव घेतात. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यतही जिंकली.

पण मला या गोष्टीतला खरा भाग पुढचा वाटतो. सहवैमानिक म्हणजे शेजारच्या खुर्चीतला माणूस. विमानाचा मुख्य व्हायला जेवढे तास उड्डाण लागतं तेवढे भरल्यावर बाईंनी मुख्य खुर्ची मागितली, आणि कंपनीनं ती दिली नाही. शर्यत जिंकली त्याचं कौतुक, कारभार मात्र दुसऱ्याच्या हाती. आमच्या बचत गटातल्या, ग्रामपंचायतीतल्या कितीजणी हे वाचून एकमेकींकडे बघतील! सरपंच म्हणून हार गळ्यात बाईच्या, आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. फरक एवढाच, की प्रेमबाई तिथे राहिल्या नाहीत. दिल्लीला गेल्या, काही काळ उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांचं खासगी विमान चालवलं, आणि १९५३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये, म्हणजे सरकारी नोकरीत, रुजू झाल्या. गंमत बघा, त्याच वर्षी सरकारनं आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी केली आणि त्यात डेक्कन एअरवेजही विलीन झाली. ज्यांनी खुर्ची नाकारली त्यांचीच पाटी उतरली.

संस्थानी कंपनी, मग शेठजींचं विमान, मग सरकारी नोकरी. सरळ रस्ता असा नव्हताच.

एक खुर्ची मिळायला किती वर्षं गेली? नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर हे इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान गेलं, त्यात वैमानिकांपासून सगळ्या कर्मचारी स्त्रिया होत्या. मुख्य खुर्चीत होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. आडनाव वाचूनच जीव सुखावतो की नाही? शेजारी निवेदिता भसीन. याच निवेदिताबाई १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या, आणि ते विमान होतं मुंबई-औरंगाबाद-उदयपूर! म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या जमिनीवर ते उतरलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत त्यांना सहकारी सांगत, लवकर कॉकपिटमध्ये जाऊन बस, लोकांनी बाई बघितली तर घाबरतील. आता भारतात दर शंभर वैमानिकांत पंधराच्या आसपास स्त्रिया आहेत, जगात पाचेक. या एका बाबतीत आपण अमेरिकेच्याही पुढे आहोत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण लातूर. कामानिमित्त मी अहमदपूरमार्गे लातूरला नेहमी जाते. शिकवणीच्या भागात नजर जाईल तिथे डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींचे फोटो. गेल्या हंगामात तिथल्या एका खोलीवर अकरावीतली एक मुलगी भेटली, नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातली. नांदेडच्या विमानतळाजवळ मामाचं घर. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतलं हैदराबादचं पहिलं विमान निघालं तेव्हा ही लहानगी गच्चीवर उभी होती. ती कंपनी पुढे बंद पडली, हिच्या डोक्यातलं विमान काही उतरलं नाही. आई म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा हिला. बाप म्हनतो, इतका पैसा पोरीवर घालून काय करूलालीस?"

बापाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वैमानिकाच्या शिक्षणाला लाखांत, तेही तीस-चाळीस लाखांच्या पुढे पैसा लागतो. कोरडवाहू चार एकरवाल्याला हे ऐकूनच घाम फुटेल. पण त्याच घरात थोरल्या मुलाला पेढी काढायला दीड एकर विकलं होतं, ही गोष्टही आईनंच सांगितली, जरा खाली बघून. तिथे हिशेब कुणी विचारला नव्हता.

मी मुलीला दोन गोष्टी सांगितल्या. गणित सोडू नकोस. डॉक्टरकीच्या नादात मुली जीवशास्त्र ठेवून गणिताला रामराम ठोकतात, आणि वैमानिकाला आतापर्यंत बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणितच मागत आले आहेत. दुसरी गोष्ट सैन्याची. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली जातात, त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तिथून हवाई दलाचा रस्ता आहे, आणि शिक्षणाचा खर्च सरकारचा. बापाला ही बातमी आधी सांगावी असं मी सुचवलं. त्यासाठीही गणित लागतंच, आणि अर्ज बारावीत असतानाच करता येतो. ज्यांच्या मुली अजून दहावीत आहेत त्यांनी नाशिकची चौकशी करावी. मुलींना एनडीएसाठी तयार करणारी राज्य सरकारची संस्था तिथे २०२३ पासून सुरू आहे, अकरावी-बारावी तिथेच राहून होते.

त्या मुलीला चष्मा आहे. आईचा चेहरा त्यामुळेच जास्त पडला होता. प्रवासी विमानाच्या परवान्याला चष्मा आडवा येत नाही, चष्म्यानं नजर पूर्ण सुधारली की चालतं. रंग नीट ओळखता येतात का, ते मात्र बघतात. हवाई दलाचे नियम याहून कडक. म्हणून पैसे भरण्याआधी, शिकवणी लावण्याआधी, आधी डोळे तपासून घ्या असं मी सांगितलं. पुढच्या सोमवारी ती नांदेडच्या नेत्रतज्ज्ञांकडे जाणार आहे. सोबत बाप येणार आहे म्हणे.