आयर्लंडचा फुटबॉल आणि एक न मिटणारा वाद

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेले, मॅराडोना किंवा मेस्सी उभा राहतो. परंतु आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत नुसते ‘फुटबॉल’ म्हटले तर बहुधा वेगळाच खेळ समजला जातो. त्याचे नाव गेलिक फुटबॉल. 2025 च्या जुलैमधला केरी विरुद्ध डॉनेगल हा अंतिम सामना मी वसतिगृहातील एका मित्राच्या मोबाइलवर पाहिला. प्रथम काहीच उमगेना. चेंडू हातात घेऊन पळतात काय, मध्येच लाथ मारतात काय! पुढे नियम वाचले, जुने सामने पाहिले आणि खरे सांगायचे तर खेळापेक्षा त्यावर चालणाऱ्या वादाचीच मला अधिक गोडी लागली.

आधी नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघात 15 खेळाडू असतात. चेंडू गोल असतो आणि हात व पाय दोन्ही चालतात. मात्र चेंडू हातात घेऊन चार पावलांपलीकडे जाता येत नाही. मग तो जमिनीवर आपटून घ्यावा लागतो, नाहीतर पायावर सोडून परत हातात झेलावा लागतो. दोन उंच खांब आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी असते. दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले. गुणफलक 1-15 असा लिहितात, म्हणजे एक गोल व पंधरा गुण, एकूण अठरा. हे गणित ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

या खेळाची संघटना 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावच्या एका हॉटेलात स्थापन झाली. आयर्लंडमध्ये 32 कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. या कौंट्यांची अजिंक्यपद स्पर्धा 1887 पासून चालू आहे आणि विजेत्याला 1928 पासून सॅम मॅग्वायर करंडक मिळतो. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजारांवर माणूस जमतो, पण मैदानात उतरणाऱ्यांना पगार नसतो! हा खेळ हौशी आहे. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी शेतावर.

वादाचे मूळ मात्र दुसऱ्याच गोष्टीत आहे. खेळाडू आपल्या गावच्या क्लबातून खेळतो आणि त्यातून कौंटीच्या संघात जातो. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्याला हे नवल वाटेल, पण इथे खेळाडू विकत घेता येत नाही. कौंटी बदलणारे क्वचितच, आणि बदललीच तर लोक विसरत नाहीत. 2012 साली शॉनी जॉन्स्टन कॅव्हन सोडून किल्डेअरकडे गेला, तेव्हा देशभर चर्चा झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी किल्डेअरची गाठ कॅव्हनशीच पडली! आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावाच्या पाठोपाठ ‘गाव कुठले?’ हा प्रश्न येतोच. या खेळात त्या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचे सारे खेळजीवन ठरते.

सर्वांत मोठे वैर केरी आणि डब्लिनचे. केरी हा नैर्ऋत्येचा डोंगराळ भाग, वस्ती जेमतेम दीड लाख. डब्लिन म्हणजे राजधानी, वस्ती साडेचौदा लाखांवर. तरीही 2025 पर्यंत केरीची अजिंक्यपदे 39 आणि डब्लिनची 31. मिक ओड्वायर यांच्या मार्गदर्शनाखाली 1975 ते 1986 या काळात केरीने आठ वेळा करंडक जिंकला. पॉडी ओ शे, पॅट स्पिलेन, मायकी शीही अशा पाच जणांकडे प्रत्येकी आठ पदके जमली. पुढे डब्लिनने 2015 ते 2020 असा सलग सहा वेळा करंडक नेला आणि 2023 मध्ये गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन व त्याच्या दोन साथीदारांची पदके नऊ झाली. आता थोर कोण?

केरीवाले म्हणतात, आमच्या वेळी एक सामना हरला की घरचा रस्ता. 2001 पासून हरलेल्यालाही मागच्या दाराने परत येता येऊ लागले. शिवाय राजधानीला खेळाच्या वाढीसाठी पैसा अधिक मिळाला. पैशाचा मुद्दा मला पटतो, पण मागच्या दाराचा पटत नाही. कारण 2014 च्या उपान्त्य सामन्यानंतर 2021 पर्यंत डब्लिन या स्पर्धेत एकही सामना हरलेच नाही. मागच्या दाराशी ते गेलेच कधी?

केरीचे खरे दुखणे 1982 चे आहे. सलग पाचव्या विजयाचे सदरे आणि गाणेसुद्धा तयार होते. शेवटची दोनेक मिनिटे उरली असताना केरी 0-17, ऑफली 0-15. इतक्यात बदली आलेल्या शेमस डार्बीने गोल मारला. 1-15! एका गुणाने सारे गेले. डार्बीने फटका मारण्यापूर्वी केरीच्या टॉमी डॉइलला पाठीत ढकलले की नाही, हा वाद चाळीस वर्षांनंतरही चालूच आहे. मी ते चित्रीकरण अनेकदा पाहिले. हात लागलेला दिसतो. पण मी ऑफलीचा असतो तर तो मला दिसला नसता, हेही कबूल करतो.

पदके मोजून थोरवी ठरवायची, तर डरमॉट अर्लीचे काय करायचे? रॉसकॉमनसाठी तो 1965 ते 1985 अशी वीस वर्षे खेळला. 1980 मध्ये अंतिम सामना गाठला, समोर केरी, आणि हार. वरिष्ठ गटाचे पदक त्याला कधीच मिळाले नाही. हाच माणूस केरीत जन्मला असता तर? माझा मित्र म्हणतो, थोर खेळाडूने आपला संघ वर ओढलाच पाहिजे. मी त्याला विचारले, सचिनला विश्वचषकासाठी 2011 पर्यंत थांबावे लागले, तोवर तो लहान होता का? त्यावर तो गप्प बसला, पण पटले असे म्हणाला नाही.

मेयोची कथा तर याहून विलक्षण. शेवटचा विजय 1951 चा. 1989 ते 2021 या काळात ते अकरा अंतिम फेऱ्यांत पोचले आणि अकराही हरले. 2016 व 2017 मध्ये डब्लिनने त्यांना एकेका गुणाने हरवले (2016 मध्ये तर आधी बरोबरी, मग फेरसामना). गंमत अशी की, दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मेयोकडेच गेला, आधी ली कीगनला आणि मग अँडी मोरानला. 2017 च्या अखेरच्या क्षणी डब्लिनचा डीन रॉक निर्णायक फटका मारत असताना कीगनने आपल्या अंगावरचे जीपीएसचे छोटे यंत्र काढून त्याच्या दिशेने भिरकावले. फटका तरीही आत गेला. कोणी याला अखिलाडू वृत्ती म्हणतात. मेयोतली माणसे मात्र त्यासाठी त्याच्यावर अधिकच प्रेम करतात, आणि मलाही त्याचा राग येत नाही.

मेयोत एक आख्यायिका आहे. 1951 चा विजयी संघ परतताना फॉक्सफर्ड गावी एका अंत्ययात्रेपाशी थांबला नाही, म्हणून शाप मिळाला, की या संघातला एकही जण जिवंत असेपर्यंत करंडक पुन्हा येणार नाही. त्या संघातले शेवटचे खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट 2021 च्या सप्टेंबरात वारले, त्या वर्षीच्या पराभवानंतर थोड्याच दिवसांनी. त्यानंतर 2022 ते 2025 या चार वर्षांत केरी दोनदा जिंकली, डब्लिन एकदा, आर्मा एकदा. मेयोची माणसे दर उन्हाळ्यात हिरव्या-लाल झेंड्यांसह निघतातच.