फाटकाबाहेर उभा असलेला पालक

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं पाहिली. आज शाळेच्या फाटकाशी येऊन थांबू. सकाळी मुलाला सोडून, दप्तराचा पट्टा सरळ करून तिथंच पाच मिनिटं घुटमळणाऱ्या आई-बाबांना शाळेबद्दल काय कळतं, काय कळत नाही, आणि जे कळतं ते शाळेच्या आत पोहोचतं का, एवढाच आजचा विषय. आम्ही काही जण गेली काही वर्षं अंधेरी, घाटकोपर, मुलुंड भागातल्या प्राथमिक शाळांबाहेर पालकांशी बोलतो आहोत. त्यातलं जे कानावर आलं आणि कायद्यात जे लिहिलेलं आहे, ते शेजारी-शेजारी ठेवून बघू.

सुरुवात २०२४ च्या एका प्रसंगापासून करू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात एक तरतूद अशी की, खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांचा खर्च सरकारनं भरून द्यायचा. आपण बोलताना नुसतं 'आरटीई' म्हणतो ते हेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या २५ टक्क्यांतून सूट. आता उपनगरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात नाही अशी वस्ती शोधूनच काढावी लागेल. त्यामुळे ऑनलाइन अर्ज भरायला बसलेल्या पालकांना यादीत मुख्यतः घराजवळच्याच शाळा दिसायला लागल्या. राज्यभरात जागा लाखांनी होत्या, पण आलेले अर्ज त्यांच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नव्हते. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं बदलाला स्थगिती दिली. जुन्या पद्धतीनं प्रक्रिया पुन्हा सुरू झाली, आणि सुमारे एक लाख जागांसाठी दोन लाखांहून जास्त अर्ज आले. जुलैमध्ये न्यायालयानं तो बदल रद्दच केला.

यावरून 'बघा, पालकांना जवळची शाळा नकोच आहे' असा निष्कर्ष लगेच काढला गेला. आम्हाला तो घाईचा वाटतो. एक तर महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी या अर्जाची गरजच नसते, थेट जाऊन नाव घालता येतं. ज्याला तिथंच घालायचंय तो हा फॉर्म भरेल कशाला? आणि दुसरं उदाहरण अगदी उलटं आहे. २०२० मध्ये महापालिकेनं जोगेश्वरी पूर्वेच्या पूनमनगरला स्वतःची सीबीएसई शाळा सुरू केली. २०२१ मध्ये आणखी दहा सुरू झाल्या, त्यांत मुलुंडची मिठागर शाळा, विद्याविहारची राजावाडी आणि दिंडोशी. इथं जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. मालक तीच महापालिका, फी तशीच शून्य. म्हणजे पालक 'महापालिका' या नावापासून पळत नाहीत.

मग कशापासून? फाटकावर विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजी. बोर्ड सीबीएसई आहे की नाही. ते खरंच असतं, त्याला आम्ही खोटं म्हणत नाही. ज्या बाईनं चार घरची धुणीभांडी करताना त्या घरातल्या मुलांना इंग्रजीत बोलताना ऐकलंय, तिला भाषेचं राजकारण शिकवायला जाऊ नये. पण चहा घेत थोडा वेळ बसलं की दुसऱ्या गोष्टी निघतात. एका वर्षात वर्गाला तीन बाई बदलल्या. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून मुलगी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. आणि वेळ! २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. मुलांच्या झोपेच्या दृष्टीनं तो चांगलाच. पण आपल्याकडे एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं चालतात आणि सातला मुलाला सोडून साडेसातची लोकल पकडणाऱ्या बापाचं गणित त्यावर बसलेलं असतं. घाटकोपरला एक रिक्षावाले काका म्हणाले, "साहेब, शाळा चांगली की वाईट ते नंतर. आधी सांगा, पोराला घ्यायला कोण जाणार?" शाळेच्या गुणवत्तेच्या कुठल्याच तक्त्यात हा रकाना नसतो.

शिक्षक का बदलतात, हे थोडं समजून घेऊ, कारण पालकांचा राग बाईंवर निघतो आणि बाईंचा त्यात बहुधा दोष नसतो. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी हिशेब दिलाय: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. म्हणजे पाच इयत्ता असल्या तरी पट साठाच्या आत आला की माणसं दोन. एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या शाळेत जातो, राहिलेल्यांवर दोन-दोन, तीन-तीन वर्ग येतात, ते बघून आणखी चार पालक दाखला काढतात आणि पट आणखी उतरतो. त्यात निवडणूक. याच कायद्यानं शिक्षकांना शिक्षणेतर कामं लावायला मनाई केली आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभा झाली आणि नोव्हेंबरात विधानसभा. वर्षाचा किती भाग त्यात गेला, ते ज्यांची मुलं तेव्हा पहिलीत होती त्यांना विचारा.

आता खरी गोष्ट. हे सगळं बोलायची जागा फाटकाच्या आत आहे, आणि ती कायद्यानं दिलेली आहे. तिचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. खासगी विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेत ती हवीच. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, आलेला पैसा कुठं गेला ते बघणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं ही तिची कामं. अनुदानित शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. पण महापालिकेच्या शाळेत तिला खरा अधिकार आहे.

आम्ही जितक्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांना हे माहीत नव्हतं. इथवर ठीक. पण घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीत एक ताई भेटल्या, त्या स्वतः समितीच्या सदस्य होत्या आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं! "सही करायला बोलावतात की अधूनमधून," म्हणाल्या. कशावर सही? "मोठं रजिस्टर असतं." ते रजिस्टर म्हणजे सभेचं इतिवृत्त. सभा कधी झाली, हे त्यांना सही करताना कळायचं. शाळेनं मुद्दाम फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. दोन शिक्षकांवर शाळा चालते तिथं मुख्याध्यापिका कागद पूर्ण करणार की सभा घेणार?

आणखी एक मुद्दा, आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो. ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते. 'प्रथम' ही संस्था ती करते, आणि गंमत म्हणजे ही संस्था उभी राहिली मुंबईच्याच वस्त्यांमध्ये, नव्वदच्या दशकात. घरी जाऊन मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा द्यायचा आणि वाच म्हणायचं, इतकी साधी परीक्षा. मुंबईच्या वस्त्यांत मात्र ती पाहणी येत नाही. पण यासाठी संस्था लागतेच असं कुठंय? सातवी शिकलेली आईसुद्धा मराठी शाळेतल्या आपल्या मुलाला समोर बसवून बालभारतीचा धडा वाचून घेऊ शकते. अडखळला तर तिला तिथल्या तिथं कळतं. तोच मुलगा इंग्रजी माध्यमात गेला की तिच्या हातून हे जातं. मग वही नीट भरलेली आहे, बाईंनी 'गुड' लिहिलंय, यावर विसंबायचं, नाहीतर क्लास लावायचा. मराठी शाळा आपोआप चांगली असते असं आम्ही म्हणत नाही. तिथं काय बिघडलंय ते आईला स्वतःला तपासता येतं, आणि समितीत बसून विचारता येतं. या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त तिथंच मिळतात, आणि नेमक्या त्याच तिला कुणी सांगत नाही.

त्या ताईंचं पुढं काय झालं, ते सांगतो. आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी सही करण्याआधी मागचं पान वाचा. त्यांनी वाचलं. शेजारच्या दोघींना, त्याही सदस्य निघाल्या, बरोबर नेलं आणि बाईंना विचारलं, विकास आराखडा म्हणजे काय असतं? आम्हाला वाटलं आता वाद होणार. मुख्याध्यापिका बाई म्हणे उठून खुर्च्या आणायला गेल्या. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नियम असा की, हा आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. तो आधीच्या वर्षीचाच उतरवून जायचा. त्या वर्षी चौघींनी बसून तीन गोष्टी घातल्या: मुलींच्या संडासाला कडी, दुसरी-तिसरीच्या मुलांचं महिन्यातून एकदा पालकांसमोर मोठ्यानं वाचन, आणि फाटकाबाहेर थांबणाऱ्यांसाठी पावसापुरती एक शेड.

कडी तर आराखड्याची वाट न बघता आठवड्यात लागली, बाईंनीच सुताराला बोलावून लावून घेतली. वाचन सुरू झालं. पहिल्या महिन्यात पाच आया आल्या, दुसऱ्या महिन्यात अकरा. त्यांत एकीचा मुलगा शेजारच्या इंग्रजी शाळेत होता, ती नुसती बघायला आली होती. शेड अजून झालेली नाही.