गोल झोपड्यांतली तीनशे वर्षं

दोस्तांनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या भागातली वीज सलग दोन दिवस गायब होती. पहिल्या दिवशी वर्गात नुसती धमाल! दुसऱ्या दिवशी मात्र टाकीतलं पाणी संपलं, घरोघरच्या मोबाइलनी माना टाकल्या आणि एरवी शेवटच्या बाकावर गुपचूप बसणाऱ्या एका मुलानं हात वर केला.

"बाई, समजा सगळं कायमचंच बंद पडलं. वीज, फोन, गॅस, दुकानं, दवाखाने. आपण तेवढे उरलो. मग असं जगून करायचं काय?"

वर्ग खो-खो हसला. मला काही हसू येईना. "उद्या सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. (आम्ही बाई-गुरुजी लोक असं करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच!) घरी जाऊन पुस्तकं काढून बसले, तेव्हा लक्षात आलं, अरे, हे तर आपल्या नाशकातच घडून गेलंय!

जुन्या नाशकात गोदावरीच्या काठी 'मातीची गढी' आहे. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं. त्याच सुमारास संगमनेरजवळच्या जोर्वे या गावीही त्यांनी खणून पाहिलं. दोन्हीकडं एकाच धाटणीची मडकी निघाली. तांबूस रंगाची, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, आणि इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर भांड्यासारखी टण् वाजावीत. जोर्व्याला तर तांब्याच्या सहा कुऱ्हाडी आणि एक बांगडीही सापडली. ही माणसं तांबं वापरत, दगडाची धारदार पाती काढत, शेती करत. लोखंड त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या राहणीला नाव पडलं 'जोर्वे संस्कृती'. आजपासून सुमारे ३४०० वर्षांपूर्वी ती भरभराटीला आली होती.

आणि मग, इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास, गोदावरी-प्रवरेच्या काठची ही गावं एकामागून एक ओस पडली. जोर्वे, दायमाबाद, नेवासे, आपलं नाशिक. लढाईनं नव्हे बरं का. म. के. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊसमान घटत गेलं आणि शेती बसली. दुसरे काही संशोधक म्हणतात, नुसत्या पावसाला दोष देऊ नका, माणसांनीही जमिनीला फार पिळून घेतलं होतं. दोघांचंही थोडंथोडं खरं असावं, असं मला आपलं वाटतं.

तुम्ही म्हणाल, ही तर खेडी! यात कसली आलीय संस्कृती कोसळणं? पण असं पाहा, ज्याचं सगळं जग एक गल्ली, एक कोठार आणि एक पाट एवढंच असतं, त्याचं तेवढं गेलं की सगळंच गेलं ना?

त्या मुलाच्या प्रश्नाला खरं उत्तर देऊ शकेल असं एकच गाव मला सापडलं. इनामगाव. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. उत्तरेकडची गावं ओस पडली, तरी इनामगावची माणसं गाव सोडून गेली नाहीत. आणखी सुमारे तीनशे वर्षं ती तिथंच राहिली! तीनशे वर्षं म्हणजे किती? पहिला बाजीराव पेशवा झाला तेव्हापासून आजपर्यंत, एवढी.

डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून कितीतरी हंगाम इथं खोदकाम केलं. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. त्यामुळे आधी काय होतं आणि मागे काय उरलं, हे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. चांगल्या दिवसांत चौकोनी, ऐसपैस घरं होती, ओळीनं बांधलेली, मधून वाट सोडलेली. गावच्या मुखियाचं म्हणून ओळखलं गेलेलं घर पाच खोल्यांचं, शेजारीच धान्याचं कोठार. नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाट. शेतात सातू, गहू, डाळी.

आणि पडत्या काळात? घरं लहान आणि गोल झाली. दोन-तीन पावलांत संपणाऱ्या कुडाच्या झोपड्या, तीन-चार एकत्र, दाटीवाटीनं. मडकी जाडीभरडी झाली, नक्षी कमी झाली. गहू कमी झाला. गाईगुरांऐवजी शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली, आणि हरणांची शिकारही वाढली. म्हणजे शेतकऱ्यांचे नातू-पणतू पुन्हा अर्धे शिकारी झाले.

मुलांनो, पुढचं जरा जड आहे, पण लपवत नाही. त्या काळातल्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास झालाय. पडत्या काळात जास्त बाळं दगावली आणि त्यांची वाढ खुंटलेली होती. बाळ गेलं की त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत. दोन मडकी आडवी ठेवून त्यांची तोंडं एकमेकांना लावायची, आत बाळ. सोबत लहानसे वाडगे. चांगल्या दिवसांतली ही रीत वाईट दिवसांतही सुटली नाही. पाच खोल्या गेल्या, नक्षी गेली, पण बाळासोबत वाडगा ठेवायला कुणी विसरलं नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

खरं सांगू? ज्यांनी कोठार भरलेलं पाहिलं होतं, त्या पहिल्या पिढीचे हाल मला कळतात. ते रोज मनात तुलना करत असणार. पण त्यांच्या पणतीला गोल झोपडी म्हणजे फक्त 'घर' असणार. तिला विचारलं असतं, "असं कसं जगतेस गं?" तर तिला प्रश्नच कळला नसता. अर्थात तिच्या अंगात ताकद कमी होती, आणि तिचा धाकटा भाऊ कदाचित त्या मडक्यांत होता. हेही विसरून चालणार नाही. म्हणूनच, जे गाव सोडून गेले त्यांना मी पळपुटे म्हणणार नाही. पोर आजारी, विहीर कोरडी, तर कोण थांबेल?

मला माझ्या आजीची आठवण झाली. ती सिन्नर तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. त्या वर्षी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागली, तिची भाकरी थापताना चिरायची म्हणे. बाभळीला झोळी बांधून त्यात माझा मामा. मी लहानपणी तिला विचारलं होतं, "आजी, तुला नकोसं नाही झालं?" ती म्हणाली, "झालं की. लई डाव झालं." आणि मग लगेच संक्रांतीचं सांगायला लागली. त्या खडीच्या ढिगाऱ्याजवळ बायकांनी हळदीकुंकू केलं होतं! तीळ नव्हते, गुळाचा बोराएवढा खडा सगळ्या जणींनी वाटून घेतला, आणि वाण म्हणून ओंजळीत चार-चार दाणे. मिलोचेच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं सांगितलं. गढीवर पुढं कित्येक पिढ्यांनी लोक परत आले, लोखंडाची हत्यारं घेऊन आले, मग सातवाहनांच्या काळात पांडवलेणी कोरली गेली, तेही सांगितलं. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "पण इनामगाववाल्यांना कुठं माहीत होतं, की पुढं नाशिक पुन्हा वसणार आहे?"

"नव्हतंच माहीत," मी म्हटलं.

तो जरा विचारात पडला. मग मी हात वर करायला सांगितले. तुम्ही तिथं असता तर थांबला असता, की निघाला असता? निघणारे बावीस निघाले, थांबणारे एकोणीस. एका मुलीनं कुठंच हात वर केला नाही. तिला कारण विचारलं, तर म्हणाली, "बाई, मला आधी आजीला विचारावं लागेल."