एक रुपयात सात दिवस... आणि आठव्या दिवशी?

मैत्रिणींनो, मिरचीच्या हंगामात वर्षाचं तिखट भरायला निघालेली आपल्या नंदुरबारची बाई कशी खरेदी करते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. चार ठिकाणी फिरते, मिरची मोडून बघते, रंग बघते, देठ किती भरतील त्याचा अंदाज घेते आणि मगच भावाला तोंड उघडते. तीच बाई मोबाईलवर ‘फक्त १ रुपयात सात दिवस’ असं दिसलं की बोट टेकवून मोकळी होते. एक रुपयाचा काय भाव करायचा! आणि नेमकं तिथंच पाणी मुरतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईचंच उदाहरण घ्या. मुलाला इंग्रजी बोलता यावं म्हणून तिनं एक शिकवणीचं अ‍ॅप १ रुपया भरून घेतलं. मुलगा दोन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी कंटाळला, तिनं अ‍ॅप काढून टाकलं. विषय संपला, असं तिला वाटलं. तिच्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये येतात. पुढं चार महिने तिची समजूत अशी, की सरकारकडूनच पैसे कमी येताहेत! दोनदा बँकेत रांगेत उभी राहून आली. शेवटी पासबुक छापून घेतलं, तेव्हा कळलं, की दर महिन्याला २९९ रुपये त्या अ‍ॅपकडे जात होते. चार महिन्यांचे झाले १,१९६. ज्या घरात बाईच्या हक्काचे म्हणून तेवढेच पैसे येतात, तिथं ही रक्कम लहान नाही. वर घरच्यांचे प्रश्न वेगळेच, “हे काय घेतलंस? कुणाला विचारून घेतलंस?”

आता तुम्ही म्हणाल, वर्गणी ही काय नवी गोष्ट आहे? नाही. आपल्या आया-सासवा मासिकांच्या वर्गणीदार होत्याच की. वर्गणी संपली आणि ‘नको’ असं कळवलं नाही, तर पुढचा अंक व्ही.पी.नं यायचा. पण तेव्हा पोस्टमन दारात उभा राहायचा. नको असेल तर व्ही.पी. परत करता यायची. पैसे आपल्या हातानं जायचे. दूधवाल्याचंही तसंच, ‘उद्यापासून नको’ म्हटलं आणि कॅलेंडरवर खाडा मांडला की हिशेब संपला. मोबाईलवरच्या वर्गणीला दारच नाही.

होतं काय, ते नीट समजून घ्या. तो एक रुपया भरताना आपण पिन घालतो, तेव्हा नुसता रुपया देत नाही. पुढं दर महिन्याला आपल्या खात्यातून पैसे काढायची परवानगी देतो. हिलाच ‘ऑटोपे’ म्हणतात. पिन घालण्याआधीच्या पडद्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : जास्तीत जास्त किती रकमेपर्यंत, किती दिवसांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत. अक्षरं बारीक, भाषा बहुधा इंग्रजी. पण आकडे तर वाचता येतात ना? तेवढे वाचाच. एकदा ही परवानगी दिली, की १५,००० रुपयांपर्यंतची पुढची वसुली पुन्हा पिन न विचारता होऊ शकते. ही मर्यादा जून २०२२ पासूनची.

रिझर्व्ह बँकेनं यासाठी नियम केलेले आहेत, बरं का. कार्डांसाठी २०१९ मध्ये केले, पुढं यूपीआयलाही लावले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची अंमलबजावणी सक्तीची झाली. पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळालीच पाहिजे. कोण, किती आणि कधी कापणार ते त्यात हवं. आणि परवानगी कधीही मागे घेता आली पाहिजे.

मग ती सूचना आपल्याला दिसत का नाही? माझं निरीक्षण असं, की खात्याला जोडलेला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो, नाहीतर केव्हाचाच बंद पडलेला. शहादा तालुक्यातल्या टेंभलीला २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधार, खातं, मोबाईल सगळं एका दोरीत बांधायची सवय आपल्या जिल्ह्याला तेव्हापासूनची. पण दोरीच्या टोकाचा मोबाईल कुणाच्या खिशात आहे, हे कोण बघतं? तेव्हा पहिलं काम बँकेत जाऊन स्वतःचा नंबर लावून घ्यायचं.

दुसरं काम आज दुपारीच करा, भांडी आवरली की. ज्या अ‍ॅपवरून पैसे पाठवता, त्यात आपल्या नावाच्या किंवा फोटोच्या जागी जाऊन ‘ऑटोपे’ शोधा. दिलेल्या परवानग्यांची यादी दिसेल. नको ती तिथल्या तिथं रद्द करा. मग प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा आणि ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये पाहा. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्यानं वर्गणी थांबत नाही, हे दहादा सांगावंसं वाटतं. विम्याचे हप्ते, कर्जाचे हप्ते त्याच यादीत असतील तर ते मात्र घाईनं पुसू नका हं!

ही काही आपल्याकडचीच रड नाही. अमेरिकेत अमेझॉनच्या ‘प्राइम’ वर्गणीवरून सरकारी आयोगानं दावा लावला होता. वर्गणी बंद करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीतच ‘इलियड’ असं नाव होतं, असं आयोगाचं म्हणणं. इलियड म्हणजे ग्रीकांचं युद्धाचं महाकाव्य. आपल्याकडे असतं तर महाभारत म्हटलं असतं! सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण दीड अब्ज डॉलर ग्राहकांना परत द्यायचं ठरलं.

आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली. ‘वर्गणीचा सापळा’ त्यातलाच एक. बंद करायचं बटण लपवणं, वाट मुद्दाम अवघड करणं हे तर त्यात आहेच; फुकट वर्गणीसाठी आपोआप पैसे कापायची परवानगी मागणं, हेसुद्धा आहे.

पैसे गेलेच असतील तर आधी कंपनीला लिहा आणि त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर मराठीत बोला. सूचना न देताच पैसे गेले, किंवा परवानगी रद्द करूनही गेले, तर बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, खर्च काही नाही. नंदुरबारला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी पडत नाही.

त्या मुलाच्या आईनं कंपनीला लिहिलं, तेव्हा शेवटच्या महिन्याचे २९९ परत आले. बाकीच्या तीन महिन्यांसाठी तिनं १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तक्रारीचा क्रमांक तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवलाय.