गॅलरीतली वीण

१९९० पर्यंत घरात पिंजरा म्हटलं की डोळ्यांपुढे यायचा तो पेरू-मिरची खाणारा, 'विठू विठू' बोलणारा आपला राघू. तो घरात जन्मलेला नसे. झाडाच्या ढोलीतून पिल्लू असतानाच काढून बाजारात आणलेला असे. १९९०-९१ मध्ये भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. पोपट आणि मुनिया निदान उघड बाजारातून दिसेनासे झाले आणि त्यांची जागा लव्हबर्डनी घेतली. आपल्याकडे ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजरिगार असतो, म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. जॉन गूल्डने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला, आणि ऑस्ट्रेलियाने आपले पक्षी बाहेर धाडणं थांबवलं त्यालाही आता साठ वर्षं उलटून गेली. आपल्या गॅलरीतला बजरिगार पिंजऱ्यातच जन्मलेल्या कित्येक पिढ्यांचा वंशज आहे. पक्षी पाळण्याच्या या छंदात मला पहिल्यापासून मोलाची वाटली ती हीच गोष्ट. इथे रानातून काही ओरबाडावं लागत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत आम्हा सगळ्यांना एकच ध्यास होता, पिल्लं व्हायला हवीत. माहिती सगळी तोंडी. बाजूला भोक पाडलेलं मातीचं मडकं तारेने पिंजऱ्याला बांधायचं, राळे आणि बाजरी घालायची, कोथिंबिरीची जुडी लावायची. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, तो कोकणातल्या किनाऱ्यावर वेचायला मिळे, शहरात काष्ठौषधींच्या दुकानात. चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग नराचा निळा, विणीला आलेल्या मादीचा तपकिरी, एवढं ठाऊक असे. पण कोवळ्या पक्ष्यांत हा फरक ठळक नसतो, त्यामुळे कित्येक घरांत दोन माद्याच जोडी म्हणून नांदत आणि दोष मात्र मडक्याला लागे. एकटी जोडी सहसा विणीला लागत नाही, आसपास दुसऱ्या बजरिगारांचा कलकलाट लागतो, हेही पुष्कळ उशिरा समजलं.

वीण लागली की मात्र ते पाहणं वेगळंच. मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते आणि पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. अठराव्या दिवसाच्या सुमारास पहिलं पिल्लू बाहेर येतं, मग एक दिवसाआड पुढची. सहावं जन्मतं तेव्हा थोरलं दहा दिवसांचं, डोळे उघडलेलं, पिसांचे कोंब फुटलेलं असतं, आणि धाकटं जेमतेम बोटाच्या पेराएवढं. एकाच मडक्यात ही दोन्ही कशी जगतात याचं मला अजूनही नवल वाटतं. नर बाहेरून मादीला भरवतो, मादी आत पिल्लांना भरवते. नवजाताला दुधासारखा पातळ रस आणि थोरल्यांना दाण्यांचा जाडसर भरडा. महिनाभराने थोरलं भोकातून डोकं बाहेर काढतं, तेव्हा घरातले सगळे हातातली कामं टाकून जमतात.

अडचणी याच मडक्याभोवती असत. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचं अंडं आतच अडकतं. ती पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते आणि वेळेवर ऊब आणि डॉक्टर मिळाले नाहीत तर दगावते. पक्ष्यांचे डॉक्टर तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते आणि मुंग्या थेट पिल्लांपर्यंत पोचतात. पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणं हाच उपाय. पुढे मडकी जाऊन लाकडी खोकी आली. ती स्वच्छ करायला सोपी, पण सपाट तळावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकू लागले. मडक्याचा गोल तळ इतकी वर्षं गुपचूप काय काम करत होता ते तेव्हा कळलं. आता खोक्यांचा तळही खोलगट कोरतात.

रंगांनी मला अनुवंशशास्त्र शिकवलं. मूळ रंग हिरवा. पिवळं रंगद्रव्य नसलं की तोच पक्षी निळा दिसतो. दोन्ही हिरव्या पालकांत निळ्याचा अंश दडलेला असेल तर सरासरीने चारांत एक पिल्लू निळं निघतं. लाल डोळ्यांचा पिवळा, म्हणजे ल्युटिनो, त्याहून मजेदार. ल्युटिनो नर आणि साधी हिरवी मादी यांच्या पिल्लांत पिवळ्या असतात त्या सगळ्या माद्या आणि हिरवे ते सगळे नर. उघडंबोडकं पिल्लू हातात घ्यावं, मिटलेल्या पापणीआडून डोळा लालसर दिसला तर मादी, काळा दिसला तर नर. शाळेतला मेंडेल मला या मडक्यात नव्याने भेटला.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला आणि पिंजऱ्याकडे पाहण्याची शेजाऱ्यांची नजर बदलली. अनेकांनी घाबरून पक्षी देऊन टाकले, काहींनी उडवून दिले. बजरिगारला उडवून देण्यात कसलीच दया नाही. दाणे शोधायचे कसे हे त्याला माहीत नसतं आणि कावळे त्याला तासाभरात गाठतात.

नंतरच्या दशकात हातोहाती स्मार्टफोन आला आणि सगळंच सोपं झालं. कॉकटील, फिशर, कॉन्युअर असे इतर विदेशी पोपट घरोघरी आले, अंडी उबवणारी यंत्रं आली. पिल्लू माणसाळावं म्हणून ते लवकर घरट्यातून काढून हाताने भरवायची पद्धतही आली. ती मला मान्य नाही. अननुभवी हातांत पातळ खाद्य श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू गुदमरतं. ते घरट्यातच वाढू द्यावं आणि बाहेर आल्यावर रोज थोडा वेळ द्यावा, तेवढ्यानेही ते हातावर येतं.

कायदाही मागे राहिला नाही. २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राण्यांची स्वेच्छेने माहिती द्यायला मुदत दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय साइट्स करारातल्या जातींना ते लागू आहेत. बजरिगार आणि कॉकटील त्या यादीत नाहीत. फिशर आणि सन कॉन्युअर आहेत, त्यांच्या पिल्लांचीही नोंद करावी लागते. आपला राघू पाळणं मात्र आजही गुन्हाच आहे.

पिल्लं होणं आता अवघड राहिलेलं नाही. थांबणं अवघड झालं आहे. घरटं समोर असेपर्यंत मादी विणीमागून वीण काढत राहते आणि झिजून जाते. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: दोन विणी झाल्या की घरटं काढून घ्या, नर-मादीला काही महिने वेगळं ठेवा, आणि पिल्लं कोणाकडे जाणार हे अंडं पडायच्या आधी ठरवा. ते ठरत नसेल तर घरटं बांधूच नका. बजरिगारची जोडी त्यावाचूनही आनंदात राहते.